मॉडेल टी मोटारीची ठिणगी

अमेरिकेत १९०८ साली हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' मोटार बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. तिच्या स्वस्ताईची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण तिच्या इंजिनात ठिणगी कशी पडे, हे ऐकून आजच्या मोटारवाल्यास नवल वाटेल.

फ्लायव्हीलवर बसविलेले सोळा लोहचुंबक तारांच्या वेटोळ्यांसमोरून फिरू लागले की वीज उत्पन्न होई. ती लाकडी पेटीतील चार कॉइलांकडे जाई. प्रत्येक सिलिंडरला एक कॉइल. कॉइलवरची पोलादी पट्टी थरथरू लागे आणि प्लगमध्ये एक नव्हे, ठिणग्यांची मालिकाच उडे. ठिणगीची वेळ मात्र सुकाणूच्या डावीकडील दांड्याने चालकानेच ठरवावयाची: वेग वाढला की लवकर, इंजिन दमले की उशिरा.

हँडल मारण्यापूर्वी ठिणगी उशिराच्या टोकास नेणे अत्यावश्यक असे. विसर पडला तर दट्ट्या वर पोहोचण्याआधीच वायू पेटे, हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. असे हात कितीतरी जणांचे मोडले. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत १९१२ साली आला. फोर्डने तो १९१९ पर्यंत लांबविला! बॅटरी, एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर ही सुटसुटीत रचना तर फोर्डच्या गिऱ्हाइकास 'मॉडेल ए'बरोबरच मिळाली.

साहजिकच जुन्या 'टी'चे कित्येक मालक ती पेटी काढून डिस्ट्रिब्यूटर बसवितात. गाडी चटकन सुरू होते, हे खरे. परंतु पहिल्या दहा वर्षांतील बहुतेक गाड्यांना कारखान्यातून बॅटरीच मिळालेली नव्हती. बॅटरीवाचून धावणे हीच ज्या यंत्राची करामत, त्याला बॅटरीवर अवलंबून ठेवले की सोळा चुंबक नुसते ओझ्यासारखे फिरत राहतात. रोजच्या रहदारीत गाडी नेणाऱ्यास दोष देता येणार नाही. जुनी पेटी भंगारात टाकणाऱ्यास मात्र अवश्य द्यावा.

वास्तविक दोष बहुधा रचनेचा नसून वयाचा असतो. कॉइलमधील कागदी कंडेन्सर कालांतराने निकामी होतात. ते डांबरात रुतलेले असल्याने उकरून काढण्यास चिकाटी लागते, पण नवे बसविता येतात. क्षीण झालेले चुंबक पुन्हा भारता येतात. चारही पट्ट्यांचा ताण सारखा केला, की इंजिन न अडखळता चालते. त्यासाठी हाताने फिरवावयाचे एक परीक्षणयंत्र असे, आणि तशी यंत्रे हौशी मंडळी आजही वापरतात.