जाहिरातीतला दायाक

श्रोतेहो, बोर्निओ बेटाच्या सहलीची जाहिरात कधी पाहिली आहे का? डोक्यावर धनेश पक्ष्याची पिसे, हातात ढाल, मागे घनदाट रान. आणि जोडीला, शत्रूची शिरे तोडणाऱ्या लोकांचा मुलूख पाहायला येण्याचे आमंत्रण. हा म्हणे दायाक!

पण दायाक ही काही एकच जमात नव्हे, बरं का. इबान, बिदायुह, कायान, केन्याह, न्गाजू अशा अनेक समाजांना मिळून बाहेरच्या लोकांनी हे नाव दिले. त्यांच्या भाषा निराळ्या, चालीरीती निराळ्या. आज ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया या देशांत राहतात.

जाहिरातीतले चित्र जुनेच आहे. १८८१ साली कार्ल बॉक या प्रवाशाचे पुस्तक लंडनला निघाले. त्याच्या नावातच बोर्निओचे ‘नरमुंड-शिकारी’ होते. शिरे आणण्याची प्रथा होती, हे खोटे नाही. परंतु १८९४ साली, डच अमलात, तुंबांग आनोई या गावी दायाक पुढारी जमले आणि शिरे तोडणे, सूडाची भांडणे व गुलामगिरी बंद करण्याचे त्यांनी ठरवले. जाहिरातीत ढाल दिसते. हा ठराव दिसत नाही.

पुढे बाहेरच्यांनी दिलेले नाव या लोकांनी आपलेसे केले. मलेशियाच्या सारावाक राज्यात १९६५ पासून १ जूनला ‘गवाई दायाक’ हा सुगीचा सण साजरा होतो. शहरांतले शिक्षक, कारकून त्यासाठी गावच्या लांबघरी येतात. लांबघर म्हणजे एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे आणि पुढे सर्वांची सामाईक पडवी.

पर्यटन वाईटच, असे मी म्हणत नाही. इबान बायका ‘पुआ कुंबू’ नावाचे विधीचे वस्त्र विणतात; पाहुणे आले की त्याला गिऱ्हाईक मिळते. पण १९९८च्या सुमारास बाकुन धरणापायी सुमारे दहा हजार माणसांना, मुख्यतः कायान व केन्याह लोकांना, नदीकाठची लांबघरे सोडून आसापला जावे लागले. लांबघराचे चित्र मात्र पाहुण्यांना बोलावण्यासाठी छापले जातच राहिले.

गुरुजी, वर्गात बोर्निओचा नकाशा उघडाल तेव्हा मुलांना पिसांचा टोप जरूर दाखवा. पण तुंबांग आनोईचा ठरावही सांगा, आणि बाकुनही सांगा. कोणत्याही समाजाची ओळख करून घ्यायची, तर त्याने स्वतः काय ठरवले आणि त्याला काय सोसावे लागले, हे आधी विचारावे.