शब्दवेध : फोल्क्समार्श

'फोल्क्समार्श' या जर्मन शब्दाचे दोन्ही घटक लष्करी पेशाचे. 'फोल्क' म्हणजे आज लोक, पण जुन्या जर्मनमध्ये त्याचा एक अर्थ लढवय्यांची टोळी असा होता. 'मार्श' फ्रेंचमधून आला, तो फौजेच्या संचलनाबरोबर. प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र अगदीच बिनलष्करी. गावचा क्लब ५, १० किंवा २० किलोमीटरच्या वाटा आखतो, नातवापासून आजीपर्यंत कोणीही सवडीने चालतो आणि वाटेतल्या चौक्यांवर कार्डावर शिक्का घेतो. घड्याळ लावत नाहीत, पहिला नंबर काढत नाहीत.

मग नावच फसवे, असे कुणी म्हणेल. शिवाय नाझींनी 'फोल्क' नासवला, हा आक्षेपही हलका नाही. पण जत्रेला 'फोल्क्सफेस्ट' म्हणताना त्याचा अर्थ 'सर्वांना खुले' एवढाच उरतो, आणि चालण्यात याच अर्थाने 'मार्श'वर मात केली, असे मला वाटते. १९६८ साली लिंडाऊला जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन यांनी मिळून महासंघ उभारला, तेव्हा त्याच्या नावात 'मार्श' आलाच नाही, 'फोल्क्सस्पोर्ट' आला. 'वांडरटाग', म्हणजे भटकंतीचा दिवस, हे नावही जर्मनीत चांगलेच रुळले आहे. त्यातल्या 'वांडर्न'चे नाते 'वळणे' या क्रियापदाशी. गंमत अशी, की 'मार्श' अमेरिकेत पक्का रुजला, तो जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या सैनिकांनी घरी नेल्यामुळे.