मुलाखतीतील उत्तर आणि त्याची भाषा

‘मुलाखत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘भेट’ असा होय. उमेदवाराची तोंडी परीक्षा हा अर्थ त्यास मागाहून प्राप्त झाला. या परीक्षेत उत्तराची भाषा किती निर्णायक ठरते, हे प्रशासकीय सेवांच्या इतिहासावरून दिसून येते.

इंडियन सिव्हिल सर्व्हिसची खुली स्पर्धा १८५५ साली लंडन येथे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरही परीक्षेचे माध्यम दीर्घकाळ मुख्यतः इंग्रजीच राहिले. कोठारी समितीच्या १९७६ च्या अहवालास अनुसरून १९७९ पासून नवी पद्धती अमलात आली, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्यास आज मुलाखतही मराठीतून देता येते. २०१३ पासून एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीस आहेत.

ही मुलाखत उलटतपासणी नसून सहेतुक संभाषण असावे, अशी अपेक्षा आहे. पुष्कळसे प्रश्न उमेदवाराने स्वतः भरलेल्या अर्जातूनच निघतात. म्हणून आपले गाव, अभ्यासविषय व पूर्वीचे काम यांविषयी प्रत्येक विधानामागील कारण मोठ्याने सांगून पाहणे, हीच खरी पूर्वतयारी होय. पाठ केलेले इंग्रजी वाक्य पहिल्या उपप्रश्नाबरोबर संपते. कारण ठाऊक असलेला उमेदवार स्वभाषेत पुढे बोलू शकतो. भाषेच्या निवडीस महत्त्व आहे ते याचसाठी.