तीन पिढ्यांचे सात हजार



मागच्या महिन्यात रात्री जेवताना ह्यांनी सांगितलं, आता ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घ्यायची. माझा आमटीचा डाव हातातच राहिला. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हा पाचवा धंदा. पहिलं बियाण्याचं दुकान, ते अजून चालू आहे आणि घर त्यावरच चालतं. मग मोबाइलचं दुकान, मग लग्नाच्या खुर्च्या-भांडी भाड्याने देणं, मग दूध संकलन. खुर्च्या अजून आमच्या गच्चीवर आहेत, मी त्यांच्यावर पापड वाळवते. या वेळी कर्ज मोठं आहे आणि घर माझ्या नावावर असल्यामुळे जामीन म्हणून सही माझी लागते.

सासूबाईंना आम्ही बाई म्हणतो. त्यांचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, जामनेरकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या वाकोदचा भवरलाल काय एका धंद्यावर बसला होता का?" ह्यांना तर बळच आलं. मग मी ठरवलं, ज्या माणसाचं नाव घेऊन आपल्या घरातले पुरुष दर दोन वर्षांनी नवी पाटी रंगवतात, तो माणूस नक्की काय करत होता ते आधी नीट वाचायचं. सही नंतर.

भवरलाल जैन म्हणजे जळगावकरांचे मोठे भाऊ. त्यांचं घराणं मारवाडातलं. १८८७ साली पाणी आणि पोट यांच्या शोधात राजस्थानचं वाळवंट सोडून अजिंठ्याच्या पायथ्याशी वाकोदला आलं. आपल्यातल्या कितीतरी घरांची गोष्ट अशीच सुरू होते. आमचे आजेसासरे बीडकडे आले तेही असंच, दुष्काळातून निघून दुसऱ्या दुष्काळात. वाकोदला १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलाल जन्मले. वडील हिरालाल, आई गौराबाई. मुंबई विद्यापीठातून वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतली, राज्य सेवेची परीक्षा पास झाले, सरकारी अधिकाऱ्याची खुर्ची समोर आली. त्या काळात खेड्यातल्या मारवाड्याच्या मुलाला अशी नोकरी मिळणं म्हणजे गावभर पेढे. आईने मात्र सांगितलं की असं काम कर ज्यात आपल्याबरोबर इतरांचं, अगदी पशुपक्ष्यांचंही भलं होईल. नोकरी नाकारली गेली.

मी इथे जरा थांबले. आपण आया मुलाला काय सांगतो? "नोकरी बघ बाबा, धंद्यात काय राहिलंय." माझ्या मुलाला मी हेच सांगते, आणि उद्याही सांगेन.

घरात तीन पिढ्यांनी साठवलेले सात हजार रुपये होते. १८८७ ते १९६३ म्हणजे शहात्तर वर्षं. मी हिशेब करून पाहिला, वर्षाला ब्याण्णव रुपये पडतात. त्या ब्याण्णव रुपयांत किती बायकांनी तूप कमी वाढलं असेल, किती लुगडी दंड घालून नेसली असतील, याची नोंद कुठल्या वहीत नसते. ते सगळे सात हजार या पंचवीस वर्षांच्या पोराच्या हातात दिले गेले, आणि त्याने त्यातून काय विकलं, तर रॉकेल. एस्सो कंपनीची एजन्सी घेतली आणि हातगाडीवरून रॉकेल विकलं. वकिलीची पदवी घरात आणि हाताला रॉकेलचा वास.

पुढची पंधरा वर्षं बघा. रॉकेलनंतर मोटारसायकली, ट्रॅक्टर, बियाणं, खतं, पीव्हीसी पाइप अशा एजन्सी एकामागून एक येत गेल्या. १९६३ मध्ये सुमारे दहा लाखांची विक्री होती, ती १९७८ पर्यंत अकरा कोटींवर गेली. हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर हे खूश. "बघ, मीही तेच म्हणतोय." पण मी यादी पुन्हा वाचली. ट्रॅक्टर घेणारा शेतकरीच, बियाणं घेणारा तोच, खत आणि पाइपही त्यालाच. गिऱ्हाईक एकच होतं, त्याच्या शेताची एकेक गरज दुकानात येत गेली. आमच्याकडे बियाणं शेतकऱ्याला, मोबाइल कॉलेजच्या पोरांना आणि खुर्च्या वरबापाला. हे मी मोठ्याने बोलले नाही, पण ह्यांना कळलं असावं, कारण पाण्याचा तांब्या घेऊन उठून गेले.

१९७८ मध्ये मोठ्या भाऊंनी जे केलं त्याला त्या वेळी लोकांनी वेडेपणा म्हटलं असेल तर नवल नाही. जळगावात केळीची भुकटी करण्याचा चौदा वर्षांचा जुना कारखाना होता. तो त्यांनी तीस लाख रुपयांना घेतला, ही किंमत अवाच्या सवा होती. यंत्रं बदलून तिथे केळीच्या भुकटीऐवजी पपेन करायला सुरुवात केली. कच्च्या पपईला पहाटे चिरा मारल्या की पांढरा चीक गळतो, तो वाळवून शुद्ध केला की पपेन मिळतं. पाचक औषधांत ते लागतं. खरं सांगायचं तर बिअर नितळ करायला आणि मांस मऊ करायलाही जगात त्याचा वापर होतो, आणि माल परदेशी जात होता. आपल्या धर्माच्या चष्म्यातून पाहिलं तर इथे मन अडतं. पुढे कंपनीने पांढरा कांदा वाळवण्याचा मोठा उद्योग उभा केला, शेतकऱ्यांशी आधीच करार करून त्यांच्याकडून कांदा घेतला. जैनाच्या कारखान्यात कांदा! हे वाचल्यावर बाईंनी चष्मा काढून ठेवला. "घरात नाही ना खात?" एवढंच विचारलं, आणि स्वतःच म्हणाल्या, "पण ज्याचा कांदा रस्त्यावर फेकावा लागतो त्याचंही बघायला हवं." बाईंचे वडील कांद्याचे शेतकरी नव्हते, सावकार होते. म्हणून मला त्यांच्या या बोलण्याचं जास्त अप्रूप वाटलं.

प्रतिक्रमणात आपण दर वेळी पंधरा कर्मादानांची नावं घेतो. श्रावकाने हे धंदे करू नयेत. नावं तोंडपाठ असतात, अर्थ किती जणींना ठाऊक असतो देव जाणे. त्यात एक आहे "सरदहतलायसोसणया", म्हणजे सरोवर, डोह, तळी आटवून टाकणं. ज्यांनी ही यादी केली त्यांना बीड जिल्हा ठाऊक नव्हता, पण हे पाप त्यांनी नेमकं ओळखलं होतं. आज आपल्याकडे तळं कोणी एकटा आटवत नाही. हजार बोअर मिळून आटवतात. आमच्या आष्टी तालुक्यात एका मळ्याच्या बांधावर सात बोअर मी मोजले आहेत, त्यातल्या एकालाच पाणी होतं.

म्हणून मोठ्या भाऊंचं ठिबकचं काम मला बाकी सगळ्या धंद्यांपेक्षा वेगळं वाटतं. १९८० पासून ते पीव्हीसी पाइप स्वतः बनवू लागले होते, पण पाइपने पाणी लांब जातं, कमी लागत नाही. ठिबकची पद्धत इस्रायलची. सिम्का ब्लास नावाच्या अभियंत्याने ती घडवली आणि १९६५ मध्ये तिथल्या एका सामूहिक वसाहतीत तिचा कारखाना निघाला. भारतात ती आली होती, पण नळ्या विकून विक्रेता निघून गेला की शेतकऱ्याच्या शेतात छिद्रं बुजायची. १९८६ च्या अखेरीस जैन इरिगेशन ही कंपनी नोंदली गेली आणि त्यांनी धंद्याची रीत बदलली. आधी शेत मोजायचं, माती आणि पाणी तपासायचं, पिकाप्रमाणे आराखडा काढायचा, मग नळ्या, आणि नंतर वापर शिकवायला कृषितज्ज्ञ. मोकाट पाण्याच्या तुलनेत ठिबकने निम्म्याच्या आसपास पाणी वाचू शकतं. एका छिद्रातून तासाला दोन-चार लिटर, तेही मुळाशी.

माझ्या नणंदेच्या मोसंबीत ठिबक आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे होते तेव्हा पहाटे ती फिल्टर उघडून जाळी धूत होती. म्हणाली, "वहिनी, रोज गाळलं नाही तर नळ्या तुंबतात." मी हसले. आपण काय करतो दुसरं? पाणी गाळतो, गाळणं सांभाळून जिवाणी परत विहिरीत सोडतो. आपल्याकडे जुन्या बायका सांगायच्या, पाणी तुपासारखं वापरा. लहानपणी मला ते कंजूषपणाचं वाटे. पाण्याच्या थेंबात जीव आहेत, अपकाय, हे पाठ होतं. पण तुपाची धार कशी धरतात, ते मी त्या मळ्यात पाहिलं. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. नणंदेची अर्धी बाग वाचली. ठिबकने वाचली असं ती सांगते. टँकरचे पैसे तिने बांगड्या मोडून भरले होते, हे ती सांगत नाही.

ठिबक नीट चालू लागलं, नाव झालं, म्हणजे माणसाने आता तरी बसावं ना? नाही. १९९० च्या दशकात, देशात सगळीकडे नव्या धंद्यांचं वारं होतं तेव्हा, कंपनी वित्तव्यवसायात गेली, माहिती-तंत्रज्ञानात गेली, ग्रॅनाइटमध्येही गेली. ग्रॅनाइट म्हणजे खाण, आणि खाण म्हणजे "फोडीकम्मे", त्याच पंधरांतलं एक. मी काही त्या कारणाने तोटा झाला म्हणणार नाही, इतकी भोळी मी नाही. तोटा झाला कारण त्यातलं काहीच त्यांच्या त्या एका गिऱ्हाइकाचं नव्हतं. कंपनी बुडते की काय अशी वेळ आली. तेव्हा मोठ्या भाऊंनी चूक भागधारकांसमोर जाहीरपणे मान्य केली, ते धंदे मोडले आणि पुन्हा शेतीकडे वळले. आपण संवत्सरीला "मिच्छामि दुक्कडं" म्हणतो ते बहुतेक वेळा ज्यांचं आपण काही बिघडवलेलं नसतं त्यांनाच. ज्यांचे पैसे बुडवले त्यांच्यासमोर उभं राहून म्हणणं वेगळं.

पुढे केळीची ऊतिसंवर्धित रोपं, आंब्याचा रस, सौर पंप असं बरंच काही आलं, पण सगळं शेताच्या बांधाच्या आत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये पद्मश्री. जळगावजवळच्या उजाड टेकडीवर झाडं उभी राहिली, शाळा निघाली, आणि २०१२ च्या मार्चमध्ये तिथेच गांधीतीर्थाचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत मोठे भाऊ गेले. त्याच एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

आणि ह्यांना मी हेही वाचून दाखवलं, की २०१९ मध्ये त्यांच्या कंपनीचे कर्जाचे हप्ते थकले आणि २०२२ पर्यंत पुनर्रचना चालली. इतक्या मोठ्या माणसाने उभं केलेलंही कर्जापुढे वाकतं. आपल्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचं परिमाण ठरवतात. इतकी जमीन, इतकं सोनं, इतके पैसे, त्यापुढे नको. धंदे किती, हे मात्र कोणी ठरवताना मी ऐकलेलं नाही.

बाईंनी एका दुपारी मला विचारलं, "त्याच्या बायकोचं काय गं?" तिचं नाव कांताबाई. ती गेल्यावर मोठ्या भाऊंनी "ती आणि मी" हे पुस्तक लिहिलं. जळगावला गिरणा नदीवर कांताई बंधारा आहे, डोळ्यांचं रुग्णालय आहे तेही तिच्या नावाचं. मी ते पुस्तक मागवून घेतलं. रोज सामायिक झाली की बाईंना दोन पानं वाचून दाखवते. मध्येच त्या डोळे मिटतात, झोपल्या असं वाटतं, आणि मी थांबले की म्हणतात, "पुढे वाच." नवऱ्याने बायकोवर अख्खं पुस्तक लिहावं, हेच त्यांना अजून खरं वाटत नाही.

ह्यांना मी तीन गोष्टी कागदावर लिहून द्यायला सांगितल्या आहेत. पहिली, ठिबकचं गिऱ्हाईक आणि बियाण्याचं गिऱ्हाईक एकच आहे का, नावानिशी यादी. दुसरी, नळ्या विकल्यावर शेतात जाऊन जाळी धुवायला कोण शिकवणार. तिसरी, किती तोटा झाला की थांबायचं, तो आकडा. पहिल्या प्रश्नाला ह्यांनी एका संध्याकाळीच एकसष्ट नावं लिहिली, आणि त्यातली बरीच मी ओळखते, उधारीच्या वहीतली आहेत. दुसऱ्यासाठी नणंदेच्या मुलाला विचारलंय, तो कृषी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिसऱ्यापुढे जागा अजून कोरी आहे.

जामिनाचा कागद माझ्या सामायिकाच्या आसनाखाली ठेवला आहे. काल ह्यांनी गच्चीवरच्या खुर्च्या भंगारवाल्याला विकल्या. पापड आता चादरीवर घालते.