सुईणीच्या हातातले इंजेक्शन

बाळ बाहेर आले की नर्सबाई आधी बाळंतिणीचे पोट चाचपून आत दुसरे मूल नाही ना याची खात्री करते आणि मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन देते. गर्भाशय आवळते, वार पडते, रक्तस्राव आटोक्यात राहतो. काम एवढेसेच, पण ते कोणी आणि केव्हा करायचे, याचा निकाल लागायला चार शतके गेली. या औषधाची कुळी शोधत गेले की माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते. औषध कोणाच्या हातात आहे एवढेच पाहणारा नियम तोकडा पडतो. ते प्रसूतीच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती शिकलेल्या हाताने दिले जाते, हे पाहणारा नियमच बाळंतिणीच्या कामी येतो.

मूळ औषध सुईणींचेच. राय या धान्याच्या कणसावर काळी, शिंगासारखी बुरशी वाढते, ती म्हणजे अरगट. आपल्या बाजरीवर पडणारा अरगट त्याच कुळातला. सुईणी कळा आणण्यासाठी ती वापरतात, अशी नोंद जर्मन वैद्य अ‍ॅडम लोनिसर याने 1582मध्ये केली. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरने 1808मध्ये अरगटाच्या पुडीची शिफारस छापली, तेव्हा कुठे ती डॉक्टरांच्या बॅगेत आली. तिथे तिने अनर्थ केला. अडलेली प्रसूती लवकर उरकावी म्हणून पूड दिली जाई. गर्भाशय एकदा आवळले की सैल पडत नसे आणि बाळ आतच गुदमरे. मृत जन्म वाढल्याचे पाहून डॉक्टर डेव्हिड होसॅक यांनी 1820च्या दशकात बजावले, की ही पूड बाळ जन्मल्यानंतर, रक्त थांबवण्यासाठीच वापरावी. हा इशारा डॉक्टरांना होता, हे विसरून चालणार नाही. धोका अडाणी सुईणीपुरता नव्हता; वेळ चुकली की पदवीधराच्या हातूनही तेच घडत होते. 1935मध्ये अरगटातून अर्गोमेट्रिन वेगळे काढले गेले आणि 1953मध्ये त्याच कामाचे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार झाले. मात्रा अचूक झाली, पण वेळेचे पथ्य तेच राहिले.

सुईणीला औषध द्यायचे तर आधी ती कोण, हे राज्याला ठाऊक हवे. इंग्लंडने 1902च्या कायद्याने सुईणींची नोंदणी सुरू केली आणि त्यांच्यावर मध्यवर्ती मंडळ नेमले. याच मंडळाने 1936मध्ये, वेदना कमी करणारा वायू मिनिट नावाच्या डॉक्टरच्या यंत्रातून देण्याची मुभा प्रशिक्षित सुईणींना दिली आणि 1950मध्ये पेथिडीन या वेदनाशामकाचीही. प्रत्येक वेळी क्रम तोच होता: आधी नोंदणी, मग प्रशिक्षण, मग ठरावीक औषध. भारतात 2005मध्ये केंद्र सरकारने प्रशिक्षित एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकांना, मर्यादित औषधांची परवानगी दिली. वार पडण्याच्या टप्प्यावर ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि झटके आल्यास मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन बाईला पुढे पाठवायचे, अशी ती चौकट होती.

यावर आक्षेप असा, की एकदा ऑक्सिटोसिनची कुपी हातात आली की ती कळा वाढवण्यासाठीही वापरली जाणार. आक्षेप खरा आहे. खेडोपाडी प्रशिक्षण नसलेले लोक प्रसूतीपूर्वी हे इंजेक्शन देतात आणि त्यातून गर्भाशय फाटणे, बाळ गुदमरणे हे प्रकार घडतात. पण म्हणून उपकेंद्रातली कुपी काढून घेतली तर नुकसान कोणाचे? बाळंतपणानंतरचा जोरदार रक्तस्राव तालुक्याची गाडी येईपर्यंत थांबत नाही. गैरवापर करणारा नोंदणीबाहेरचा असतो. बंदीचा फटका मात्र नोंदणीतल्या आरोग्यसेविकेला आणि तिच्यासमोरच्या बाळंतिणीला बसतो.

2018मध्ये हेच घडू पाहत होते. जनावरांना पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचले जाते, हे कारण देऊन केंद्राने देशातल्या वापरासाठीच्या उत्पादनाचा अधिकार कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीपुरता ठेवायचे ठरवले. गोठ्यातला गैरवापर रोखण्याचा हेतू रास्त होता. पण साऱ्या देशातल्या प्रसूतिगृहांचा पुरवठा एका कारखान्यावर टांगून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018मध्ये तो आदेश रद्द केला. त्याच महिन्यात केंद्राने प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. राज्याने खरे बळ तिथे लावावे: प्रशिक्षण पुन्हा पुन्हा व्हावे, दिलेल्या प्रत्येक डोसची वेळ नोंदली जावी, कुपी 2 ते 8 अंश तापमानात राहावी आणि बाळ जन्मण्याआधी दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचा जाब विचारला जावा. होसॅक यांनी सांगितलेले वेळेचे पथ्य सांभाळायला एवढे पुरे आहे, आणि त्यासाठी शिकलेल्या सुईणीच्या हातून औषध काढून घ्यावे लागत नाही.