ओळखपत्रांचे परीक्षण, नेदर्लंड्समधील

ओळखपत्रावरील छायाचित्र, शाई, कागद व अंगुलिमुद्रा यांच्या दृश्य तपासणीने बनावट पत्र हुडकून काढण्याच्या तंत्राचा अत्यंत घातक वापर जर्मन अंमलाखालील नेदर्लंड्समध्ये (१९४०–४५) झाला. सक्तीचे ओळखपत्र डच परंपरेशी विसंगत आहे, त्यात प्रत्येक नागरिक संशयित ठरतो, अशा विचाराने डच शासनाने ही कल्पना मार्च १९४० मध्ये फेटाळली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी जर्मन सैन्य देशात शिरले.

लोकसंख्या-नोंदणी निरीक्षणालयाचा प्रमुख याकोबुस लेन्ट्स याने महायुद्धापूर्वीच प्रत्येक नागरिकाच्या स्वतंत्र पत्रकाची पद्धती बसविली होती. ओळखपत्राचा आराखडाही त्याच्यापाशी होता. तो बर्लिनच्या गुन्हेअन्वेषण तंत्रज्ञांपुढे ठेवला असता खुद्द जर्मन ओळखपत्रापेक्षा तो सरस असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. राजकीय मतापेक्षा निर्दोष यंत्रणा उभारण्याचा ध्यास लेन्ट्सच्या कामात अधिक दिसतो आणि तोच हजारो लोकांना भोवला. एप्रिल १९४१ पासून पंधरा वर्षे व त्यांवरील वयाच्या सर्वांना ‘पेर्सोन्सबेवाइस’ नावाचे हे पत्र देण्यास प्रारंभ झाला. ज्यूंच्या पत्रांवर मोठे ‘जे’ हे रोमन अक्षर उमटविण्यात आले.

पत्राची रचना परीक्षकाच्या सोयीने केलेली होती. कागद उजेडासमोर धरला की जलचिन्ह दिसे. छायाचित्र अशा रीतीने चिकटविलेले असे की, ते सोडवू जाता पत्र खराब होई. उजव्या तर्जनीची मुद्रा व स्वाक्षरी यांमुळे पत्र धारण करणाऱ्याशी प्रत्यक्ष ताडून पाहता येई. छपाईच्या शाईतील क्लृप्ती मात्र डोळ्यांना दिसत नसे. पाऱ्याच्या बाष्पाच्या दिव्यातून जंबुपार किरण निघतात, पण साधी काच ते शोषून घेते. म्हणून दिव्याची नळी क्वार्ट्झची करतात. अशा दिव्याखाली डच पत्रावरील विशिष्ट शाई दिसेनाशी होई. बनावट छपाईची साधी शाई तशीच राही व पत्र पकडले जाई. रस्त्यावरील पोलिसाजवळ असा दिवा नसे. त्यामुळे घाईच्या तपासणीत निभावून जाणारे पत्र कचेरीत नेले की उघडे पडे.

प्रारंभी भूमिगत कार्यकर्ते ‘हरवलेली’ म्हणून कळविलेली किंवा चोरलेली खरी पत्रे घेऊन त्यांवरील छायाचित्र बदलीत. पुढे शिल्पकार खेरिट व्हान डर व्हेन याने उभारलेल्या केंद्राने संपूर्ण पत्रेच छापण्यास घेतली. मुद्रक फ्रान्स डूवार व मुद्रणकलेचा जाणकार विलेम सांडबेर्ख हे त्याचे साहाय्यक होते. या केंद्रातून साठ हजारांहून अधिक बनावट पत्रे बाहेर पडली. जलचिन्हाची नक्कल साधण्यासाठी कलावंतांनी दाखविलेले कौशल्य असामान्य होते. तथापि ते एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नव्हते.

ही मर्यादा नोंदणीने घातलेली होती. पत्र देताना त्याची पावती तयार होई. तीवर छायाचित्र, स्वाक्षरी व अंगुलिमुद्रा असत आणि ती द हेग येथील मध्यवर्ती कचेरीत ठेवली जाई. संशय आला की पत्रावरील मुद्रा व मुखचित्र या प्रतीशी ताडून पाहिले जाई. हुबेहूब नक्कल केलेल्या पत्रालाही जोडीची प्रत नसल्याने ते टिकत नसे. म्हणूनच प्रतिकाराचा रोख पत्रावरून नोंदीकडे वळला. २७ मार्च १९४३ रोजी पोलिसांच्या वेषातील एका गटाने ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणी कचेरीतील पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध टोचून बाहेर काढले व कचेरीत स्फोट घडवून आग लावली. अग्निशामक दलाने हेतुतः उशीर केला आणि नंतर कागदांवर पाण्याचा भरपूर मारा केला. नोंदींपैकी काही भागच नष्ट झाला. चित्रकार विलेम आरोंडेउस याच्यासह बारा जणांना १ जुलै १९४३ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. व्हान डर व्हेन व डूवार यांना १० जून १९४४ रोजी तोच शेवट आला. तत्पूर्वी ११ एप्रिल १९४४ रोजी ब्रिटिश मॉस्क्विटो विमानांनी द हेगमधील क्लेइकांप या मध्यवर्ती कचेरीवर अगदी खालून उड्डाण करून बाँब टाकले. त्यात सु. साठ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत कचेरीतील डच कर्मचारीच मुख्यतः होते. नेदर्लंड्समधील सु. १,४०,००० ज्यूंपैकी सु. १,०२,००० मारले गेले. पश्चिम युरोपातील इतर देशांपेक्षा हे प्रमाण अधिक होते व त्याच्या कारणांत काटेकोर नोंदणीचा उल्लेख इतिहासकार आवर्जून करतात. लेन्ट्सला महायुद्धानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली.

पत्र व प्रत यांचा ताळा पाहण्याचे हेच तत्त्व पुढे यंत्रांकडे गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्रवाच्य पारपत्राचे विनिर्देश १९८० मध्ये प्रसिद्ध केले. आता संगणक पारपत्राची प्रतिमा दृश्य, अवरक्त व जंबुपार प्रकाशांत घेऊन तिची नमुन्याशी तुलना करतो. अंगभूत इलेक्ट्रॉनीय चकतीत छायाचित्राची आणखी एक प्रत असते. तथापि बोलोन्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, दोघांच्या चेहऱ्यांचे मिश्रण केलेले छायाचित्र अर्जासोबत दिल्यास त्या एकाच पारपत्राने दोघेही यंत्राला फसवू शकतात. असे पारपत्र शासनानेच दिलेले असते. त्याचा कागद व शाई अस्सल असतात आणि चकतीतील प्रतही त्याच मिश्र चित्राची असते. म्हणून काही देशांत छायाचित्र अर्जाच्या वेळी कचेरीतच घेण्याची पद्धत आहे.