हलकीं यंत्रें, जड निष्ठा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तो इतिहासाचा आहे असें आपणांपैकीं कित्येकांना वाटणार नाहीं. इतिहास म्हटला कीं डोळ्यांपुढें गड, तह आणि बखरी उभ्या राहतात. मांडीवर घेऊन बसण्याचा लहानसा संगणक, ज्याला घरोघर लॅपटॉप म्हणतात, तो कांहीं उभा राहत नाहीं. परंतु कोण कोणाच्या बाजूनें उभा राहिला, कां राहिला, आणि धनी बदलल्यावर त्यानें काय केलें, हा जर इतिहासाचा विषय असेल, तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतील या यंत्रांची हकीकत त्या सदरांत सहज बसते. तींत निष्ठा आहेत, फितुरी आहे, आणि शत्रूच्या कारखान्यांत घडविलेलें शस्त्र अभिमानानें मिरविणारे वीरही आहेत.

प्रारंभ १९८१ पासून करूं. त्या वर्षीं अमेरिकेंत ‘ऑस्बोर्न १’ नांवाचा संगणक १,७९५ डॉलरला विक्रीस आला. तो हातांतून नेण्याजोगा म्हणून विकला जात असे. पण त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें, पडदा ५ इंची होता, आणि भिंतींतील विजेवांचून तो चालत नसे. शिलाईयंत्राच्या पेटीची आठवण व्हावी असें तें धूड. तें बाजारांत आणणारा अॅडम ऑस्बोर्न याचें बालपण तामिळनाडूंतील तिरुवण्णामलै येथें गेलें होतें, कारण त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त होते. आणि २००३ सालीं त्याचा अंत झाला तोही कोडैकानल येथें. पुढचें यंत्र तयार होण्यापूर्वींच त्याचा गवगवा केल्यामुळें चालू यंत्र कोणी घेईना, असें त्याच्या मंडळीविषयीं सांगतात. या कथेंत थोडें तिखटमीठ आहे. परंतु १९८३ सालीं मंडळी दिवाळखोरींत गेली हें मात्र खरें.

त्याच १९८३ सालीं खरोखर हलकें असें यंत्र आलें. तें जपानांतील क्योसेरा या कारखान्यानें केलें आणि अमेरिकेंत टॅण्डी मंडळीनें ‘मॉडेल १००’ या नांवानें विकलें. वजन सुमारें १.४ किलो. पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी. विजेरींत घालतों तसे चार साधे सेल घातले कीं सुमारें २० तास काम चाले. त्याच्या आंतील आज्ञावलीचा बराच भाग बिल गेट्स यानें स्वतः लिहिला होता. पुढें जगांतील अत्यंत श्रीमंत माणसांपैकीं एक झालेल्या या गृहस्थानें स्वहस्तें केलेल्या कामांपैकीं हें शेवटचें मोठें काम. वार्ताहरांना हें यंत्र फार आवडलें. गांवोगांव फिरावें, बातमी त्यावर लिहावी, आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरींत पाठवून द्यावी. पुढें अधिक शक्तिमान यंत्रें आलीं तरी कित्येकांनीं हें वर्षानुवर्षें सोडलें नाहीं, कारण कळ दाबतांच तें तयार असे आणि त्याचा कळफलक बोटांना मानवे. या निष्ठेंत मंडळीचा जयजयकार नव्हता. सुताराचा आपल्या रंध्यावर जीव असतो, तशांतला तो प्रकार होता.

पंथ निर्माण झाले ते निराळ्या मार्गानें. १९८४ च्या जानेवारींत अॅपल मंडळीनें मॅकिन्टॉश संगणकाची जी प्रसिद्ध जाहिरात दाखविली, तींत एक तरुणी धांवत येऊन भव्य पडद्यावरील हुकूमशहाच्या मुखावर घण फेंकते. हुकूमशहा कोण तें बोलून दाखविलें नव्हतें. परंतु तो आय. बी. एम. आहे हें पाहणारे समजले. अॅपलमध्यें तर ‘धर्मप्रचारक’ अशी पदवी धारण करणारे अधिकारीच होते, आणि गाय कावासाकी हे त्यांतील सर्वांत गाजलेले. तेव्हां १९९४ सालीं उंबर्तो एको या इटालियन पंडितानें मॅकिन्टॉश कॅथलिक आणि त्याचा प्रतिस्पर्धी डॉस प्रॉटेस्टंट असल्याचें थट्टेनें लिहिलें, त्यांत नवल नव्हतें. एकेथें सर्वांचा उद्धार ठरलेल्या विधीनें होतो, दुसरेथें प्रत्येकानें स्वतःच शास्त्रार्थ करावयाचा, असा त्याचा मतितार्थ. थट्टा मार्मिक आहे. पण तींत एक गोष्ट सुटली. धर्माचा ग्रंथ दर तीन वर्षांनीं जुना ठरत नाहीं, आणि नवा घेण्यासाठीं दुकानापुढें रांगही लावावी लागत नाहीं.

या पंथाभिमानाचें दर्शन १९९७ च्या ऑगस्टमध्यें बोस्टन येथें घडलें. अॅपल डबघाईस आली होती. स्टीव्ह जॉब्स यांनीं भर सभेंत जाहीर केलें कीं मायक्रोसॉफ्ट मंडळी अॅपलमध्यें १५ कोटी डॉलर गुंतविणार आहे, आणि त्यांच्या पाठीमागील प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचें मुख प्रकट झालें. सभागृहांतून छीथूचा आवाज उठला. स्वतःचें घर सांवरण्यास जो हात पुढें आला, त्याच हाताचा धिक्कार! तेरा वर्षांपूर्वींच्या जाहिरातींतील पडदा त्या दिवशीं अनेकांना आठवला असेल.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे लहान यंत्रांकडे वळूं. यंत्र लहान करण्याच्या मार्गांत सर्वांत मोठी धोंड कोणती? मनुष्याचीं बोटें. चिप लहान होते, पडदा पातळ होतो, पण पंज्याची रुंदी पिढ्यान् पिढ्या तीच. १९९५ सालीं आय. बी. एम.च्या जॉन कॅरिडिस या अभियंत्यानें या धोंडेवर जो उपाय काढला, त्यासारखी सुंदर कल्पना या क्षेत्रांत दुसरी झाली नाहीं असें माझें मत आहे. ‘थिंकपॅड ७०१’ या यंत्राचा पडदा १०.४ इंची होता, म्हणजे पेटीही तेवढीच. कॅरिडिसनें कळफलक तिरकस रेषेनें दोन तुकड्यांत कापला. झांकण उघडतांना ते दोन तुकडे एकमेकांवरून सरकत बाहेर येत आणि जुळून पेटीपेक्षांही रुंद असा पूर्ण कळफलक तयार होई. झांकण मिटतांना ते पुन्हां आंत ओढले जात. लोकांनीं त्याला ‘फुलपाखरूं’ म्हटलें. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें तें आपल्या कायमच्या संग्रहांत घेतलें. पण बाजारांत तें फार दिवस टिकलें नाहीं. पडदेच मोठे होऊं लागले, पेट्या रुंदावल्या, आणि पंख पसरण्याचें कारणच उरलें नाहीं. एवढी चतुराई एका वर्ष-दीड वर्षाच्या अडचणीसाठीं खर्ची पडली, याचें मला अजून वाईट वाटतें.

थिंकपॅड हें नांव आय. बी. एम.च्या ‘थिंक’ या जुन्या ब्रीदावरून आलें. ब्रीद छापलेली खिशांतली टिपणवही मंडळींत रूढ होती. काळ्या रंगाची, जपानी जेवणाच्या डब्यासारखी चौकोनी, साधी पेटी हा रिचर्ड सॅपर यांचा आराखडा. कळफलकाच्या मध्यभागीं एक लाल गुंडी असे; ती बोटानें लोटली कीं पडद्यावरचा बाण हाले. मंडळीच्या नियमानुसार लाल रंग संकटकाळच्या बटणासाठीं राखलेला होता, म्हणून कागदोपत्रीं त्या गुंडीचा रंग लाल नव्हे, ‘मॅजेन्टा’ लिहिला गेला असें सांगतात. या गुंडीवर प्रेम करणारे लोक आजही आहेत आणि ते बोलूं लागले कीं लवकर थांबत नाहींत.

आणि आतां ती फितुरीची गोष्ट. १९९७ च्या मे महिन्यांत अॅपलनें ‘पॉवरबुक २४००’ नांवाचें सुमारें २ किलोचें चिमुकलें यंत्र काढलें. जपानमध्यें त्याच्यावर उड्या पडल्या. अमेरिकेंत तें लवकरच बंद झालें, पण जपानी भक्तांनीं त्यांत अधिक वेगवान चिपा बसवून तें वर्षानुवर्षें जिवंत ठेवलें. हें यंत्र घडविलें कोणीं? आय. बी. एम.च्या जपानी शाखेनें! ज्या हुकूमशहाच्या तोंडावर घण फेंकून पंथ उभा राहिला, त्याच्याच कारखान्यांत पंथाची लाडकी मूर्ति ओतली गेली. त्यापूर्वींचें, १९९१ चें ‘पॉवरबुक १००’ हेंही अॅपलनें सोनीकडूनच करून घेतलें होतें. गर्दीच्या आगगाड्यांतून रोज प्रवास करणाऱ्या आणि आटोपशीर घरांत राहणाऱ्या जपानी माणसाला वजनाचें मोल आधीं कळलें असावें. तोशिबाचें ‘लिब्रेटो’ हें यंत्र १९९६ सालीं अवघ्या ८४० ग्रॅमचें होतें, आणि त्यावर विंडोज ९५ चालत होती. कळा मात्र इतक्या बारीक कीं मोठ्या पंज्याच्या माणसानें दुरूनच नमस्कार करावा.

धनी बदलण्याचा काळ पुढें एकदमच आला. डिसेंबर १९०४ नव्हे, २००४ मध्यें आय. बी. एम.नें आपला वैयक्तिक संगणकांचा सारा व्यवहार, थिंकपॅडसह, लिनोव्हो या चिनी मंडळीस सुमारें पावणेदोन अब्ज डॉलरांस, कर्जाची जबाबदारी धरून, विकण्याचें ठरविलें. सहाच महिन्यांनीं, जून २००५ मध्यें, अॅपलनें जाहीर केलें कीं आपल्या यंत्रांत यापुढें इंटेलच्या चिपा बसतील. याच इंटेलच्या चिपेला गोगलगायीच्या पाठीवर बसवून अॅपलनें १९९८ सालीं जाहिरातींत तिची टर उडविली होती, आणि भक्तांनीं तोच युक्तिवाद चहाच्या टेबलावर वर्षानुवर्षें चालविला होता. एका पंथाचें घराणें विकलें गेलें, दुसऱ्याचें तत्त्वज्ञान उलटलें. तरीही फारसे कोणी पंथ सोडून गेले नाहींत. आतां दोन्ही बाजूंच्या पेट्यांत एकाच कारखान्याचें काळीज होतें, आणि भांडण पूर्वींइतकेंच कडाक्याचें होतें. तेव्हां भांडण काळजावरून कधींच नव्हतें, असें म्हणणें भाग आहे.

२००७ च्या अखेरीस तैवानच्या असूस मंडळीनें ‘ई पीसी’ काढला. ७ इंची पडदा, ९२० ग्रॅम वजन, आंत फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली. त्याच सुमारास गरीब मुलांसाठीं १०० डॉलरांचा संगणक करण्याची निकोलस नेग्रोपॉन्टे यांची योजनाही प्रत्यक्षांत येत होती; तो प्रत्यक्षांत जवळजवळ दुप्पट किंमतीस पडला. आपल्याकडील त्याचा पहिला प्रयोग मुंबईबाहेरील खैरात या खेड्याच्या शाळेंत २००७ सालीं झाला. असूसचें खेळणें मात्र इतकें खपलें कीं मायक्रोसॉफ्टला निवृत्त करावयाची विंडोज एक्स्पी अशा यंत्रांपुरती आणखी कांहीं काळ सेवेंत ठेवावी लागली. लिनक्सच्या अनुयायांना हा आपला विजय वाटला. पण थोड्याच दिवसांत त्यांच्याच लाडक्या यंत्रावर एक्स्पी बसून येऊं लागली.

यानंतर १५ जानेवारी २००८ रोजीं जॉब्स यांनीं कचेरींतल्या साध्या लिफाफ्यांतून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला. वजन १.३६ किलो, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वींच्या मॉडेल १०० इतकेंच. किंमत १,७९९ डॉलर. तबकडी घालण्याची सोय नाहीं, यू. एस. बी.चें द्वार एकच, बॅटरी आपण बदलूं शकत नाहीं. थिंकपॅडवाल्यांनीं यावर तोंडसुख घेतलें, आणि पुढल्याच महिन्यांत लिनोव्होनें ‘एक्स ३००’ पुढें केला. त्याचें घरगुती नांव ‘कोदाची’, म्हणजे जपानी आखूड तलवार. दीड किलोच्या आंत तीन द्वारें, तारेचें जाळें जोडण्याची सोय आणि हवी असल्यास तबकडीचीही. माझ्या मतें त्या वर्षींचें अधिक शहाणें यंत्र हेंच होतें. परंतु शहाणपण महाग पडलें, आणि पुढें सगळ्यांनीं अनुकरण केलें तें लिफाफ्यांतल्या यंत्राचें.

शेवटीं पुन्हां बोटांकडेच यावें लागतें. लिनोव्होनें २०१२ सालीं थिंकपॅडचा सात ओळींचा जुना कळफलक काढून सहा ओळींचा आणला. पुढच्याच वर्षीं लाल गुंडीजवळचीं स्वतंत्र बटणेंही काढलीं. ग्राहकांनीं असा गिल्ला केला कीं २०१५ सालीं बटणें परत आलीं. अॅपलनें त्याच २०१५ सालीं ९२० ग्रॅमचा, म्हणजे बरोबर ई पीसीच्या वजनाचा, १२ इंची मॅकबुक काढला, आणि पातळपणासाठीं त्यांत जी नवी कळयोजना केली तिचें नांवही ‘फुलपाखरूं’च होतें. हें फुलपाखरूं धुळीच्या कणानें अडूं लागलें. कळा रुतून बसत किंवा एकाच दाबांत अक्षर दोनदां उमटे. २०१८ सालीं फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली, २०२० पर्यंत ती योजना सर्व यंत्रांतून गेली, आणि २०२२ सालीं ५ कोटी डॉलरांवर दावा मिटला. इतकी वर्षें तीं रुतणारीं बटणें बडवूनही बहुतेक भक्त दुसऱ्या देवळांत गेले नाहींत. ते कळफलकावर ओरडत राहिले आणि पुढच्या यंत्राची वाट पाहत राहिले.

थिंकपॅडच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त २०१७ सालीं लिनोव्होनें सात ओळींचा कळफलक एका मर्यादित आवृत्तींत पुन्हां आणला. तोंवर चीनमधील कांहीं छंदिष्टांनीं वाट पाहणें सोडून दिलें होतें. ते जुन्या थिंकपॅडच्या पेट्या जमवितात, आंतला जुना फलक उपसून टाकतात, आणि त्या मापाचा, नव्या इंटेल चिपेचा, स्वतः आंखलेला फलक बसवितात. अशा यंत्रास कोणत्याही मंडळीची हमी नसते. कळा मात्र त्याच, आणि मधोमध ती मॅजेन्टा गुंडी.